गुलाबी फ्रँकेनस्टाइन न्याहारीला कसा आला

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते. ऑक्टोबरात लेकीकडे मिनेसोटाला गेलात आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर सीरियलचे, म्हणजे दुधात घालून खायच्या धान्याच्या कुरकुरीत तुकड्यांचे, तीन खोके दिसले. एकावर तपकिरी ड्रॅक्युला, दुसऱ्यावर गुलाबी फ्रँकेनस्टाइन, तिसऱ्यावर टोपी घातलेलं निळं भूत. सहा वर्षांचा नातू तिघांनाही नावानं हाक मारतो आणि शेवटी वाडग्यात उरलेलं गुलाबी दूध तोंड लावून पितो. तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. सकाळच्या पारी लेकरांपुढे भुतं ठेवायचं कुणाच्या डोक्यात आलं? मुलं घाबरत कशी नाहीत? आणि तो रंग पोटाला चालतो का?

मी माटुंग्याच्या यूडीसीटीत, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, शिकले आणि पुढची सत्तावीस वर्षं अमेरिकेत सीरियलच्या कारखान्यांत काढली. हे खोके ज्या कंपनीचे आहेत तिथे मी कधी नव्हते, पण यंत्रं तीच आणि पीठही जवळपास तेच. त्यामुळे तिसऱ्या प्रश्नाबद्दल जरा जास्तच बोलेन, ते चालवून घ्या.

खोके जनरल मिल्सचे, म्हणजे तुमच्या लेकीच्या गावाजवळच्या मिनियापोलिसचेच. काउंट चॉक्युला आणि फ्रँकन बेरी ही जोडी १९७१ साली बाजारात आली. एक चॉकलेटच्या चवीचा, एक स्ट्रॉबेरीच्या. १९७३मध्ये ब्लूबेरीच्या चवीचं बू बेरी आलं. त्यानंतर फ्रूट ब्रूट नावाचा लांडगामानव आणि ८०च्या दशकाच्या अखेरीस यमी ममी अशी आणखी दोन आली, पण ती टिकली नाहीत. २०१०पासून मूळची तिघंही फक्त हॅलोविनच्या, म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या भुताखेतांच्या सणाच्या, हंगामात दुकानात दिसतात, म्हणून तुम्हाला ती ऑक्टोबरात भेटली. जानेवारीत गेला असतात तर भेटली नसती.

आता भीतीचं. १९७१ सालच्या मुलाला ड्रॅक्युला म्हटल्यावर काय आठवत होतं, इथून सुरुवात करावी लागते. ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी १८९७ची आणि मेरी शेलीची ‘फ्रँकेनस्टाइन’ १८१८ची. पण सीरियल खाणाऱ्या मुलानं त्या वाचलेल्या नव्हत्या. त्याला ठाऊक होते ते युनिव्हर्सल स्टुडिओचे १९३१चे दोन चित्रपट, आणि तेही थिएटरातले नाहीत, घरच्या टीव्हीवरचे. १९५७ साली युनिव्हर्सलच्या जुन्या भयपटांचा ५२ चित्रपटांचा एक गठ्ठाच टीव्ही केंद्रांना विकला गेला. ज्या ड्रॅक्युलासाठी मुलांच्या आईबापांनी अंधाऱ्या थिएटरात खुर्चीचे हात घट्ट धरले होते, तो आता दिवाणखान्यात, पॉपकॉर्न खाताना, मध्ये साबणाची जाहिरात लागत असताना दिसू लागला. मग राक्षसांची प्लास्टिकची जोडायची खेळणी आली. १९६४मध्ये फ्रँकेनस्टाइनसारखा दिसणारा बाप आणि ड्रॅक्युलासारखा आजोबा असलेल्या कुटुंबाची विनोदी मालिका आली. त्याच १९७१ साली कॉमिक्सवाल्यांनी आपल्या नियमावलीत बदल केला आणि १९५४पासून बंदी असलेल्या रक्तपिपासूंना पुन्हा पानांवर येऊ दिलं.

म्हणजे खोक्यावर यायच्या आधी चौदा वर्षं ही भुतं घरातच वावरत होती. त्यांची भीती काढून टाकायचं काम सीरियलवाल्यांना करावं लागलं नाही, ते आयतं झालेलं होतं. त्यांनी जे केलं ते चित्रातलं बारीक काम, आणि ते मला फार आवडतं. पुढच्या वेळी खोका हातात घ्याल तेव्हा काउंटचे दात बघा. सुळे बाजूला असतात तोवर माणूस रक्तपिपासू वाटतो. चित्रकारानं ते पुढच्या दातांच्या जागी आणून ठेवले आणि काउंटचा ससा झाला. फ्रँकन बेरीच्या डोक्यावर बॉयलरचा दाब दाखवणारा काटा आहे, आणि त्याची नखं म्हणजे स्ट्रॉबेरी. बू बेरीचे डोळे अर्धवट मिटलेले, जणू शाळेसाठी लवकर उठवल्यासारखे. नातू त्यांना नावानं हाक मारतो यात नवल नाही.

चित्रापेक्षाही मोठी करामत आवाजाची. टीव्हीवरच्या जाहिरातींत काउंटला जेम्स ड्यूकस यांनी १९३१च्या चित्रपटात ड्रॅक्युला झालेल्या बेला लुगोसीचा आवाज दिला, फ्रँकन बेरीला बॉब मॅकफॅडन यांनी त्याच वर्षी फ्रँकेनस्टाइनचा राक्षस झालेल्या बोरिस कार्लॉफचा, आणि बू बेरीला पॉल फ्रीज यांनी भयपटांतल्याच पीटर लोरे या नटाचा. लुगोसी १९५६ साली गेले, लोरे १९६४मध्ये, कार्लॉफ १९६९मध्ये. म्हणजे गेलेल्या तीन नटांचे आवाज शनिवारी सकाळी कार्टून बघणाऱ्या मुलांशी बोलत होते. लुगोसींचे हंगेरियन वळणाचे लांबवलेले स्वर इतके चिकटले की आज जगभर कुणीही ड्रॅक्युलाची नक्कल करताना खरं तर त्यांचीच नक्कल करतं. स्टोकरच्या पुस्तकातला काउंट ड्रॅक्युला चांगलं इंग्रजी बोलतो, आपलं बोलणं परक्याचं वाटू नये याची त्याला काळजी असते. मुलांना ठाऊक असलेला काउंट पुस्तकातला नव्हताच.

हा चेहरा आणि आवाज कुणाच्या मालकीचा, यावरून त्याच काळात खटला चालू होता. लुगोसींच्या पत्नी आणि मुलानं युनिव्हर्सलविरुद्ध दावा लावला होता की ड्रॅक्युलाच्या वेशातला त्यांचा चेहरा वापरून माल विकण्याचा हक्क वारसांचा आहे. १९७९मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की असा हक्क माणसानं हयातीत बजावला नसेल तर तो त्याच्याबरोबरच संपतो. पुढे १९८०च्या दशकात त्या राज्यानं कायदा करून हा हक्क वारसांना दिला. चित्र काढून, नाव बदलून, आवाजाची नक्कल करून पात्र घडवण्यात किती शहाणपण होतं ते यावरून कळतं. काउंट चॉक्युला हा पूर्णपणे कंपनीचा माणूस होता.

एकदा मात्र कंपनीनं खरा चेहरा छापला. १९८७च्या हॅलोविनला खोक्यावर चित्रपटातले लुगोसी आले. चित्रपटात त्यांच्या गळ्यात एक पदक आहे, आणि छपाईत ते सहा टोकांच्या ताऱ्यासारखं, म्हणजे ज्यूंच्या धर्मचिन्हासारखं दिसत होतं. रक्त पिणाऱ्या खलनायकाच्या गळ्यात ते चिन्ह, आणि ज्यू लोकांवर रक्ताचे खोटे आळ घेण्याचा युरोपातला कित्येक शतकांचा इतिहास. तक्रारी आल्या आणि कंपनीनं खोका बदलला. हेतू वाईट नव्हता हे मी मानते. पण कार्टूनमधून पुसून टाकलेलं जुनं ओझं एका छायाचित्रानं परत आणलं.

इथे एक धागा थेट आपल्याकडे येतो, आणि नातवाला सांगण्यासारखा आहे. बोरिस कार्लॉफ यांचं खरं नाव विल्यम हेन्री प्रॅट, जन्म लंडनचा, १८८७चा. त्यांच्या आईची मावशी म्हणजे ॲना लिओनोवेन्स, सयामच्या, आजच्या थायलंडच्या, राजाच्या मुलांना इंग्रजी शिकवणारी ती प्रसिद्ध बाई. ॲना १८३१ साली अहमदनगरात, आजच्या अहिल्यानगरात, कंपनी सरकारच्या फौजेतल्या कुटुंबात जन्मली आणि १८४९च्या नाताळात तिचं लग्न पुण्यात लागलं. कार्लॉफची आजी ही ॲनाची सख्खी बहीण. फ्रँकन बेरी ज्या माणसाच्या आवाजात बोलला, त्याच्या आजोळची मुळं नगर-पुण्याच्या छावण्यांत आहेत. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत भेटेल त्याला धरून सांगितलं होतं. तिथे नगर कुणाला माहीत असणार, पण मला राहवलं नाही.

आता कारखान्यात या. एकाऐवजी दोन भुतं का, याचं उत्तर तिथे मिळतं.

एक मोठा लोखंडी सोऱ्या डोळ्यांपुढे आणा, आडवा, माणसापेक्षा लांब. दट्ट्याच्या जागी आत मळसूत्र फिरतं. एका टोकाला मका-ओट्सचं पीठ, साखर, मीठ आणि थोडं पाणी जातं. पुढे सरकताना पीठ दाबानं आणि घर्षणानं इतकं तापतं की पाणी उकळायला हवं, पण दाबामुळे उकळू शकत नाही. दुसऱ्या टोकाला चकती असते, आपल्या चकलीच्या ताटलीसारखी, हव्या त्या आकाराच्या भोकांची. पीठ भोकातून बाहेर आलं की दाब एकदम उतरतो, पाण्याची क्षणात वाफ होते आणि तुकडा टम्म फुगतो. समोर फिरणारं पातं ते तुकडे छाटत जातं. तळणीत कुरडई फुलते त्यातलंच हे विज्ञान, फक्त तेलाशिवाय. चकतीसमोर उभं राहिलं की गारा पडाव्यात तसा आवाज येतो आणि मक्याच्या लाह्यांचा वास सुटतो. इतक्या वर्षांत त्या वासाचा मला कंटाळा आला नाही.

या यंत्रावर चॉकलेटची चव करा नाहीतर स्ट्रॉबेरीची, मूळ पीठ तेच. कोकोनं मात्र थोडा त्रास होतो. कोकोत चरबी असते, आणि मोहन जास्त झालं की चकली तेलात विरघळते तसं इथे चरबी वाढली की तुकडा फुगत नाही, म्हणून चरबी काढलेली कोको पूड वापरतात. बाकी फरक चवीचा, रंगाचा आणि खोक्याचा. एकच पीठ दोनदा विकायचं असेल तर दोन्हींत भांडण लावून द्यावं. जाहिराती नेमक्या तशाच होत्या. काउंट आणि फ्रँकन बेरी माझं चांगलं की तुझं चांगलं म्हणून एकमेकांच्या उरावर बसत, आणि शेवटी कशाला तरी घाबरून दोघंही पळत सुटत. बघणाऱ्या मुलाला निवाडा करावासा वाटणारच, आणि त्यासाठी दोन्ही खोके घरात हवेत. हे भांडण सुचलं ज्याला, त्याला मी या सगळ्या गोष्टीतला खरा कलावंत मानते. पीठ मळणारी बाई असून मानते.

आकारानंतर तुकडे फिरत्या पिंपात जातात आणि त्यांच्यावर साखरेचा गरम पाक फवारला जातो. संक्रांतीचा हलवा करताना परातीत तीळ हलवत थेंब थेंब पाक सोडतो त्याच जातीचं काम, फक्त इथे काही मिनिटांत उरकतं. हा थर गोडीसाठी आहेच, शिवाय दूध आत शिरायला वेळ लागावा म्हणूनही आहे. उष्णतेनं नासणारी जीवनसत्त्वं बरेचदा याच सुमारास फवारतात. जीवनसत्त्वांवर तेव्हा एवढा भर का आला, तर १९७०च्या उन्हाळ्यात पोषणाच्या प्रश्नावर झगडणारे रॉबर्ट चोट यांनी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे ६० सीरियलची क्रमवारी मांडून त्यातली ४० म्हणजे नुसते पोकळ उष्मांक असल्याचं सांगितलं होतं. मोठा गदारोळ झाला. पुढच्याच वर्षी आलेल्या आपल्या भुतांना त्या वातावरणातच जगायचं होतं.

खोक्यात सीरियलबरोबर साखरेचे हलके, फुगीर तुकडे असतात, त्यांना मार्शमॅलो म्हणतात. त्यांचं रहस्य तुम्हाला घरच्या अनुभवावरून पटेल. चिवड्यात खोबऱ्याचे काप जरा ओलसर राहिले तर काय होतं? आठवड्यात पोहे मऊ पडतात आणि डबा वाया जातो. ओल नेहमी ओलसर गोष्टीकडून कोरड्या गोष्टीकडे जाते. मऊ मार्शमॅलो सीरियलमध्ये टाकला तर हेच होणार, सीरियल मऊ आणि मार्शमॅलो दगड. त्यावर उपाय म्हणजे मार्शमॅलोच इतका वाळवायचा की दोघांत ओलीची ओढाताण राहू नये. जनरल मिल्सनं हे तुकडे १९६४ साली लकी चार्म्स नावाच्या सीरियलमध्ये पहिल्यांदा आणले आणि नंतर भुतांच्या वाट्यालाही तेच आले. खोक्यातला एक नुसता चावून बघा, खडूसारखा कुरकुरीत लागेल. मग दुधात अर्धा मिनिट ठेवून खा.

आता रंग. तुमचा हाच प्रश्न मला सर्वांत जवळचा.

फ्रँकन बेरी बाजारात आल्यावर लगेचची गोष्ट. मेरीलँडमधल्या एका बारा वर्षांच्या मुलाला चार दिवस रुग्णालयात ठेवलं होतं, कारण शौचाला लाल होत होतं आणि आतड्यातून रक्तस्राव होतोय अशी शंका होती. तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. पोटात दुखत नाही, ताप नाही, मुलगा मजेत. शेवटी आईला खाण्यापिण्याबद्दल खोदून विचारलं तेव्हा कळलं की त्याने आदल्या दोन दिवसांत हे नवं गुलाबी सीरियल खाल्लं होतं. डॉक्टरांनी खात्री करायचा साधा मार्ग निवडला. रुग्णालयातच त्याला या सीरियलचे चार वाडगे खाऊ घातले, आणि दोन दिवस गुलाबी शौच झालं. १९७२ साली हा अनुभव ‘पेडिॲट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि डॉक्टरांच्या भाषेत ‘फ्रँकन बेरी स्टूल’ हा शब्दच रुजला.

कारण सरळ आहे. त्या वेळच्या लाल रंगांपैकी रेड क्रमांक २ हा आतड्यात फारसा शोषला जात नाही. जसा जातो तसाच पुष्कळसा बाहेर पडतो. बीटाची कोशिंबीर खाल्ल्यावर दुसऱ्या दिवशी आपण दचकतो तोच प्रकार. मुलाला इजा काही झाली नाही. पण आईनं चार दिवस काय सोसलं असेल ते मला नेहमी दिसतं, म्हणून ही गोष्ट मी माझ्या हाताखाली शिकणाऱ्या प्रत्येकाला सांगत आले. आपण टाकलेला रंग खोक्याबरोबर संपत नाही, तो कुणाच्या तरी लेकराच्या अंगातून जातो.

रेड २वर पुढे १९७६मध्ये अमेरिकेत बंदी आली, प्राण्यांवरच्या प्रयोगांतून शंका निर्माण झाल्या म्हणून. कंपन्या रेड ४०सारख्या रंगांकडे वळल्या. रेड ३ची परवानगीही जानेवारी २०२५मध्ये काढून घेण्यात आली.

मग पहिल्यापासून स्ट्रॉबेरीचाच रंग का वापरला नाही, असं तुम्ही म्हणाल. मी वापरून पाहिलाय. स्ट्रॉबेरीचा लाल रंग आंबटपणावर टिकतो. धान्याच्या पिठात आंबटपणा नसतो, तिथे तो मळकट जांभळा होतो. बीटाची पूड घालून आम्ही एकदा छोट्या यंत्रावर घाणा काढला होता. आत जाताना पीठ सणावारी रांगोळी घालावी इतकं सुंदर गुलाबी, आणि चकतीतून बाहेर आलेले तुकडे जुन्या विटेच्या रंगाचे. उष्णतेनं बीटाचा रंग मरतो. नैसर्गिक रंग पिठात न घालता नंतरच्या थरात घालणं, उष्णता कमी ठेवणं, खोक्याच्या आतल्या पिशवीतून उजेड आणि हवा रोखणं असे मार्ग आहेत, पण प्रत्येकात खर्च आहे आणि गुलाबी रंग पूर्वीइतका भडक येत नाही. जून २०२५मध्ये जनरल मिल्सनं जाहीर केलं की २०२६च्या उन्हाळ्यापर्यंत आपल्या अमेरिकेतल्या सगळ्या सीरियलमधून असे कृत्रिम रंग काढू. मला मनापासून आनंद झाला. फ्रँकन बेरी थोडा फिका झाला तर मुलं रुसतील, पण आठवड्याभरात सवय होईल.

म्हणून नातवाबद्दल माझा सल्ला असा. खोक्याच्या कडेला घटकांची यादी असते, तिच्या शेवटाकडे रंगांची नावं बघा. रेड ४० दिसला तरी घाबरून जाऊ नका, हंगामात कधीतरी खाल्ल्यानं काही बिघडत नाही. रोजची न्याहारी म्हणून मात्र मी ते माझ्या नातवंडांना देणार नाही, आणि त्याचं कारण रंगापेक्षा साखर हे आहे. पोषणाच्या चौकटीत वरून घातलेल्या साखरेची वेगळी ओळ असते. चार ग्रॅम म्हणजे चहाचा एक चमचा, असा हिशेब करा. आणि कंपनी एक वाटा म्हणून जेवढं मोजते त्यापेक्षा मुलं जास्त ओतून घेतात, तेही लक्षात ठेवा. साध्या ओट्सच्या वाडग्यावर मूठभर भुतं टाकली की मुलंही खूश आणि साखरही आटोक्यात. शौचाचा किंवा लघवीचा रंग बदललेला दिसला तर डॉक्टरांकडे जाताना आदल्या दोन दिवसांत काय खाल्लं ते आधी सांगा. रंग जाईना, किंवा पोटात दुखत असेल, तर सीरियलवर ढकलून घरी बसू नका.

दूध थंडच घाला. आपल्या हाताला गरम दुधाची सवय असते, पण या तुकड्यांचा साखरेचा थर गरम दुधात लगेच विरघळतो आणि वाडग्यात लापशी होते. नातू तेवढ्यावरून रुसला असेल तर त्याची चूक नाही. थोडं थोडं घालून द्या, म्हणजे शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहील. आणि तो खात असताना नगरच्या त्या दोन बहिणींची गोष्ट त्याला सांगून बघा, फ्रँकन बेरीच्या जाड, संथ आवाजात.